काशाचा घोडेस्वार

दिवाळीच्या आधी आठ दिवस घराघरांतून एक मोठी मोहीम निघते. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात, चिंच भिजत पडते, आणि वर्षभर काळवंडून बसलेली समई तासाभरात अशी लखलखू लागते की जणू आत्ताच तांबट आळीतून आली! हे सारे यथास्थितच आहे. पण ज्या घरात कोणाला जुन्या नाण्यांचा नाद आहे, त्या घरच्या माउलीला या सदरातर्फे हात जोडून एक विनंती : समई घासा, घंगाळ घासा, हवे तर जिन्याच्या कठड्याची पितळी मूठही घासा, त्या हिरव्याकाळ्या चकत्यांच्या डबीला मात्र चिंच लावू नका. का, ते पुढे येईलच.

नाणी जमवणाऱ्यांत दोन पंथ असतात. पहिला सोन्यारुप्याचा. त्यांचे बरे चाललेले असते. पाहुण्यांपुढे डबी उघडली की पाहुणे आपण होऊन "वा!" म्हणतात, आणि घरातली मंडळीही 'अडीअडचणीला उपयोगी पडेल' म्हणून या छंदाकडे प्रेमाने पाहतात. दुसरा पंथ तांब्याकाशाचा. याच्या भक्तांना "वा!" ऐकू येण्याआधी पाच मिनिटे व्याख्यान द्यावे लागते. तरीही आमचे मत या दुसऱ्या पंथाच्या बाजूचे आहे. रुप्याचे नाणे पुष्कळदा खजिन्यात झोपते. काशाचे नाणे बाजारात राबते. ते तेल्याच्या, कोळ्याच्या, शिपायाच्या हातातून फिरते आणि झिजते. राजाची मर्जी रुप्यावर कळेल, पण गावाचा संसार कळायचा तर चिल्लरच पाहिली पाहिजे.

आज ज्या चिल्लरीची ओळख करून द्यायची, ती फार दूरची आणि फार जुनी आहे. स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश ज्या द्वीपकल्पावर आहेत, त्याचे जुने नाव इबेरिया. इ. स. पूर्व २१८ मध्ये कार्थेजच्या हॅनिबालशी युद्ध जुंपले असता रोमन फौजा तेथे उतरल्या, आणि युद्ध संपले तरी परत म्हणून गेल्या नाहीत. इ. स. पूर्व १९७ मध्ये रोमने तेथे आपले दोन प्रांतही आखून टाकले. असा पाहुणा घरात ठाण मांडून बसलेला असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, इबेरियातल्या शंभराहून कितीतरी अधिक गावांनी आपापली नाणी पाडली; आणि त्यांतल्या कितीएक गावांनी त्यांवर आपल्याच लिपीत आपले नाव लिहिले. यांतील बहुतेक नाणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली आणि पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातली.

यांतले ठरीव साच्याचे नाणे आकाराने जवळजवळ आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढे, पण हाताला जड. छाप्याच्या बाजूस एका पुरुषाचे मस्तक, कुरळ्या केसांचे, कधी दाढीचे, कधी बिनदाढीचे; शेजारी पुष्कळदा एकदोन डॉल्फिन मासे. काट्याच्या बाजूस दौडत निघालेला घोडेस्वार. त्याच्या हाती बहुधा भाला असतो. काही गावांचा स्वार भाल्याऐवजी ताडपत्राची फांदी घेऊन निघतो. घोड्याच्या पायांखाली एक रेघ आणि त्या रेघेखाली गावाचे नाव. याच्या निम्म्या किमतीच्या नाण्यावर स्वार उतरलेला असतो, नुसता घोडा पळतो. आणि पाव किमतीच्या नाण्यावर पुष्कळदा घोडाही अर्धाच उरतो, पुढचे दोन पाय आणि मान तेवढी! अक्षरशत्रू माणसालाही मोड मोजता यावी, याहून सोपी सोय ती कोणती?

हा घोडेस्वार स्पॅनिश लोकांच्या मनात इतका घर करून बसला आहे की दोन हजार वर्षांनी तो पुन्हा बाजारात उतरला. जनरल फ्रँकोच्या राजवटीत १९४० पासून १९५३ पर्यंत पाच आणि दहा सेंटिमोची ॲल्युमिनियमची हलकी नाणी निघाली, त्यांवर हाच भालाईत स्वार होता. फुंकर मारली तर उडेल असे ते नाणे. स्वार मात्र अस्सल जुन्या घराण्यातला.

पण सगळ्याच गावांना घोड्याचे वेड नव्हते. समुद्रकाठच्या गादीसने, म्हणजे आजच्या काडिझने, आपल्या नाण्यावर सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेला देव आणि पाठीमागे ट्यूना मासे घातले. हे फिनिशियनांनी वसवलेले बंदर, मासळीवर श्रीमंत झालेले. त्यांना आणखी काय सुचणार? ओबुल्कोच्या नाण्यावर नांगर आणि कणीस आहे, कार्मोच्या नाण्यावर दोन कणसे. कास्तुलोच्या परिसरात रुप्याशिशाच्या खाणी होत्या. तेथले लोक सिंहाच्या धडाचा आणि माणसाच्या तोंडाचा स्फिंक्स चालवत. इल्तिर्ता, म्हणजे आजचे येइडा, यांच्या काही नाण्यांवर लांडगा उभा आहे, आणि इबिझा बेटाच्या नाण्यांवर बेस नावाचा बुटका, गमत्या देव. थोडक्यात, नाणे उलटले की गावाची भाकरी किंवा गावाचा देव, दोहोंपैकी एकाची तरी गाठ पडते.

आता लिपीची कथा. घोड्याच्या पायांखालची ही अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती. १७५२ मध्ये वेलास्केस नावाच्या एका स्पॅनिश विद्वानाने या 'अज्ञात अक्षरां'वर आख्खे पुस्तक लिहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात देल्गादो यांनी तीन खंडांत नाण्यांचे वर्गीकरण केले. मेहनत अफाट झाली, पण कुलूप काही पुरते उघडेना. कारण जो तो प्रत्येक चिन्हाला रोमन पद्धतीचे एकेक अक्षर मानून चालला होता.

ते कुलूप उघडले मानुएल गोमेस-मोरेनो यांनी, १९२० नंतरच्या दशकात. त्यांच्या ध्यानात आले की ही लिपी अर्धी अक्षरांची आणि अर्धी अवयवांची आहे. आपण मराठी माणसांना हे चटकन कळावे, कारण बाराखडी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. स्, ल्, न् यांसारख्या व्यंजनांना या लिपीत सुटी चिन्हे आहेत, जणू पाय मोडलेली अक्षरेच. स्वरही सुटे. पण क, त, ब या जातीच्या व्यंजनांना सुटे अस्तित्वच नाही. का, के, की, को, कू ही पाच वेगळी चिन्हे. आणि आपल्या बाराखडीत जसा प्रत्येकात तोच 'क' दिसतो तसेही नाही, पाचांचे तोंडावळे पाच. 'बोल्स्कान' हे गावाचे नाव घ्या. बो, ल्, स्, का, न् : पाच चिन्हांत काम भागले. 'सेकाइसा' लिहायला सहा लागतात : स्, ए, का, इ, स्, आ. शिवाय क आणि ग यांना बहुधा एकच चिन्ह चालते, त ला आणि द लाही तसेच.

या शोधात नाण्यांनी साक्षीदाराचे काम केले. शिलालेखात काय लिहिले आहे हे आधी ठाऊक नसते. नाण्यावर मात्र गावाचे नाव असणार हा तर्क धरता येतो, आणि त्यांतल्या कितीएक गावांची नावे ग्रीक-लॅटिन ग्रंथकारांनी लिहून ठेवली होती. काही नाण्यांवर तर एकाच गावाचा मजकूर दोन लिप्यांत सापडतो. आपल्याकडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, त्या काळात खरोष्ठीच्या वाचनाला ग्रीक राजांच्या दुभाषी नाण्यांनीच हात दिला होता. चिल्लर अशी मधूनमधून पंडितांना शिकवते.

मौज अशी की, इबेरी लिपी वाचता येते, पण पूर्वकिनाऱ्याची इबेरी भाषा अजून समजत नाही! अंतर्भागातल्या केल्टिबेरी लोकांची भाषा केल्टिक कुळातली म्हणून तिचा बराचसा अर्थ लागतो. इबेरीचे तसे नाही. अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचावे आणि अर्थाच्या बाबतीत मुकाट बसावे, अशी विद्वानांची स्थिती आहे. गोमेस-मोरेनो पूर्ण शंभर वर्षे जगले, १८७० ते १९७०. पण त्या शंभर वर्षांतही हे दुसरे कुलूप उघडले नाही.

वर 'सेकाइसा' हे नाव आले. त्या गावाने तुमच्याआमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात हात घातलेला आहे, तेव्हा त्याची हकिकत सांगितलीच पाहिजे.

रोमन लोक त्याला सेगेदा म्हणत. आजच्या झारागोझा प्रांतात मारा नावाच्या खेड्याजवळ त्याचे अवशेष आहेत. या केल्टिबेरी गावाने आजूबाजूच्या वस्त्या आपल्यात घेऊन नवा कोट बांधायला काढला, घेर चाळीस स्टेडिया, म्हणजे सात-आठ किलोमीटरांचा. रोमच्या सेनेटने हुकूम सोडला, 'काम थांबवा. नवी शहरे वसवायची नाहीत असा करार आहे.' सेगेदाकरांनी उत्तर दिले, 'करारात नवे शहर वसवण्यास मनाई आहे. जुन्याचा कोट वाढवण्यास नाही.' नगरपालिकेच्या नोटिशीला असे उत्तर देणारे भाडेकरू आपल्याही पाहण्यात असतात. पण रोमची सेनेट म्हणजे काही नगरपालिका नव्हे. युद्ध ठरले.

ठरले खरे, पण सेनापती कोण? फौज घेऊन जाणार कॉन्सल, आणि नवे कॉन्सल अधिकारावर येणार १५ मार्चला. मग सैन्य निघायचे केव्हा, स्पेन गाठायचे केव्हा आणि लढायचे केव्हा? म्हणून इ. स. पूर्व १५३ पासून कॉन्सलांनी १ जानेवारीलाच सूत्रे हाती घ्यावीत असे झाले. रोमच्या कारभारी वर्षाचा आरंभ तेव्हापासून १ जानेवारी. मध्ययुगात युरोपात जागोजाग निरनिराळे वर्षारंभ होऊन गेले, इंग्लंडात तर १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला उजाडत असे. पण शेवटी जगाच्या कचेऱ्या १ जानेवारीवर येऊन स्थिरावल्या. आपण पाडव्याला वही पुजतो, पण पगाराची तारीख मात्र ज्या कॅलेंडरावर पाहतो, त्याच्या पहिल्या चौकोनात असा एक अर्धवट राहिलेला कोट दडलेला आहे.

त्या युद्धाचे पुढे काय झाले? ॲपियन हा इतिहासकार सांगतो की कॉन्सल नोबिलिओर सुमारे तीस हजार फौज घेऊन आला. कोट पुरा झाला नव्हता, म्हणून सेगेदाकर बायकामुलांसह शेजाऱ्यांच्या आश्रयाला गेले, आणि कारुस या आपल्या माणसाच्या नेतृत्वाखाली त्यांनी दबा धरून रोमनांना गाठले. तो दिवस २३ ऑगस्टचा, व्हल्कन देवाच्या उत्सवाचा. सहा हजार रोमन पडले. पाठलाग करताना कारुसही मारला गेला. पण त्यानंतर त्या तारखेला रोमन सेनापती आपण होऊन लढाईला उभा राहत नसे, असे ॲपियन म्हणतो. वीस वर्षांनी, इ. स. पूर्व १३३ मध्ये, नुमांशिया पडले आणि केल्टिबेरी लोकांचा कणा मोडला. सेकाइसाचे नाव मात्र नाण्यांवर स्वाराच्या पायांखाली त्यानंतरही दिसत राहिले.

जवळच्याच बिल्बिलिस गावाची तीन नाणी एका ओळीत मांडली तर पुढचा सगळा इतिहास पुस्तकाविना वाचता येतो. पहिल्यावर घोडेस्वार आणि इबेरी अक्षरे. दुसऱ्यावर तोच घोडेस्वार, पण अक्षरे लॅटिन, आणि छाप्यावर गावच्या अनामिक पुरुषाच्या जागी सम्राट ऑगस्टस. तिसऱ्यावर घोडेस्वार गेला. टायबेरियसचे मस्तक, आणि पाठीमागे पानांच्या मंडलात व भोवती इ. स. ३१ च्या दोन कॉन्सलांचा उल्लेख. एक खुद्द टायबेरियस, दुसरा त्याचा उजवा हात सेजानस. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सेजानसचे ग्रह फिरले. सम्राटाचे पत्र आले, अटक झाली, आणि त्याच दिवशी त्याला ठार केले. मागाहून त्याचे नाव जिथे असेल तिथून पुसण्यात आले. बिल्बिलिसची अशी काही नाणी आज मिळतात, ज्यांवर ते एवढे नावच तासून टाकलेले आहे. रोमपासून इतक्या दूरच्या गावी कोणीतरी माणूस हातात पटाशी घेऊन बसला, आणि बाजारातली चिल्लर निष्ठावंत करू लागला! सोन्याच्या दहा मोहरा एकीकडे आणि भीतीचा हा एक ओरखडा दुसरीकडे. पुढे कॅलिगुलाच्या कारकिर्दीअखेर, म्हणजे इ. स. ४१ च्या सुमारास, गावोगावच्या या टांकसाळी जवळजवळ सगळ्या बंद झाल्या.

आता संग्राहकाच्या संसाराकडे येऊ. ही नाणी एकेक करून हाताने पाडलेली. काशाची चकती दोन ठशांत धरायची आणि वरून हातोडा घालायचा. त्यामुळे स्वार कधी मधोमध बसतो, कधी त्याचा भाला काठाबाहेर जातो. मोड कमी पडली की लोक नाणे छिनीने सरळ अर्धे करीत. अशी अर्धुके पुष्कळ सापडतात, आणि नवख्या माणसाला ती फुटकी वाटतात. ती फुटकी नव्हेत, सुटे पैसे आहेत. काहींवर नंतर मारलेला छोटा ठसा असतो, उदाहरणार्थ गरुडाचे डोके. अशा खाणाखुणांना दोष न मानता जो जीव लावतो, त्याला हा छंद लाभला म्हणावे.

खोट्यांपासून मात्र जपावे. हातोड्याने पाडलेले नाणे आणि साच्यात ओतलेली नक्कल यांत फरक असतो. ओतलेल्याचा काठ पाहा, दोन साच्यांची सांधरेषा किंवा ती घासल्याची खूण दिसते. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतात, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत असतात. आणि दोन नाणी अगदी एकसारखी असतील, तीच चीर, तोच खड्डा, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे.

आणि आता चिंचेचे. काशावर दोन हजार वर्षांत जो हिरवा किंवा काळा थर चढतो, तो मळ नव्हे. पुष्कळदा स्वाराचा चेहरा आणि गावाचे नाव त्या थरातच जिवंत राहिलेले असते. खाली धातू केव्हाच खचलेला असतो. चिंचेतल्या किंवा लिंबातल्या आंबटाने थर विरघळला की त्याबरोबर गावही विरघळते, आणि हातात राहते एक लाल, खडबडीत, निनावी चकती. दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. थराखाली क्षार दडलेले असले तर ओलाव्याने त्यांचे आम्ल होते, ते तांबे खाते आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर टाकते. याला या क्षेत्रात 'काशाचा रोग' म्हणतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नाणी हवाबंद डबीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावीत. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात.

इथपर्यंत सारे गोड झाले. शेवटचे जे सांगायचे ते जरा कडू आहे.

यांतल्या कितीएक गावांचे नाव आपल्याला नाण्यावरून वाचता येते, पण ते गाव नकाशावर नेमके कुठे होते ते ठरलेले नाही. ते ठरवण्याचा मोठा आधार म्हणजे नाणी कुठे सापडतात तो ठिकाणा. बारीकसारीक चिल्लर गावापासून फार लांब जात नाही. एखाद्या टेकडीवर एकाच नावाची हलकी नाणी पुन्हा पुन्हा सापडू लागली, की टेकडीला नाव मिळण्याचा संभव असतो. आता रात्री धातुशोधक यंत्र घेऊन कोणी त्या टेकडीवर गेला, मूठभर नाणी खणून घेतली आणि चार देशांच्या बाजारांत विखुरली, तर त्या नाण्यांचे काही बिघडत नाही. ती तशीच सुंदर दिसतात. गाव मात्र कायमचे हरवते. अरांदा दे मोंकायो येथील केल्टिबेरी वस्ती अशीच वर्षानुवर्षे पोखरली गेली. तेथून गेलेल्या ब्राँझच्या शिरस्त्राणांपैकी सात २०१९ मध्ये स्पेनला परत मिळाली. पण ती कशाजवळ, कोणत्या थरात ठेवलेली होती, ते आता कोण परत देणार?

उलट आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे पाहा. १९०६ मध्ये तेथे रुप्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. तो एकत्र मोजला गेला, म्हणून कळले की नहपान क्षत्रपाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. त्यातले एखादे नाणे सुटे मिळाले असते तर ती एक गंमत ठरली असती. एकत्र मिळाली म्हणून तो महाराष्ट्राचा इतिहास झाला.

म्हणूनच स्पेनने १९८५ च्या कायद्याने जमिनीतून निघणारा पुरातन ऐवज सार्वजनिक मालकीचा ठरवला, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू. ते खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. आणि जमिनीत दडलेले धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, हा दंडक तर १८७८ पासूनचा.

मग छंद सोडायचा की काय? मुळीच नाही. जुन्या संग्रहांतून, लिलावांच्या छापील याद्यांतून, पावतीसह फिरणारी इबेरी नाणी आहेत. आणि झिजलेला घोडेस्वार काही राजेरजवाड्यांच्या किमतीत जात नाही. मात्र विकणाऱ्याला पहिला प्रश्न 'केवढ्याला?' असा न विचारता 'कुठून आले?' असा विचारावा. उत्तरादाखल तो नुसता हसला, तर नाणे कितीही देखणे असो, खाली ठेवावे. आणि उत्तर मिळाले तर ते एका चिठ्ठीवर लिहावे : कोणाकडून घेतले, केव्हा घेतले, त्याच्याकडे कोठून आले. ती चिठ्ठी नाण्याच्या डबीतच राहू द्यावी. आपल्या माघारी मुलेनातवंडे डबी उघडतील तेव्हा नाणे काय आहे ते पुस्तकांत सापडेल. चिठ्ठीत लिहिलेले मात्र दुसरे कोणी सांगणार नाही.

हाच नियम घरातल्या जुन्या शिवराईलाही लावावा. आजोबांनी ती कोठल्या बाजारातून आणली, कोणी दिली, हे सांगणारे माणूस घरात असेल, तर या चार दिवसांत फराळाच्या ताटावर त्यांना विचारून घ्या, आणि लगेच लिहून ठेवा.